कळव्यातला वन बीएचके आणि भाड्याचा खरा हिशेब

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. ठाण्याशेजारच्या कळव्यात गुंतवणूक म्हणून घेतलेल्या माझ्या वन बीएचकेचं भाडं पहिल्या करारात महिन्याला १५,५०० रुपये होतं. त्या हिशेबाने सगळा खर्च वजा जाता वर्षाकाठी हातात राहतात साधारण १ लाख २९ हजार. घराला सगळं मिळून लागले ५८ लाख. म्हणजे सुटले सव्वादोन टक्के. कोपऱ्यावरच्या बँकेतली एफडी याच्या दुपटीहून जास्त देते, आणि एफडीचं बाथरूम गळत नाही. तरीही मी ते घर घेतलं आणि विकायचं मनात नाही. पण 'जागेत टाकलेला पैसा कधी बुडत नाही' असं ज्यांना कोणी ऐकवत असेल, त्यांनी हे सव्वादोन टक्के आधी कागदावर लिहून ठेवावेत.

पैसे आले ते असे. गावची जमीन विकली तेव्हा भावाने माझा हिस्सा न मागता खात्यावर टाकला. त्यात माझी नोकरीतली बचत मिळवून अठ्ठावीस लाखांपर्यंत मजल गेली. राहतं घर ठाण्यात पाचपाखाडीला आहे, सासऱ्यांनी घेतलेलं, त्यामुळे डोक्यावर छप्पर हवं अशी घाई नव्हती. आणि एक तरी गोष्ट फक्त माझ्या नावावर असावी असं फार वर्षं वाटत होतं. हे कारण कुठल्याच हिशेबात बसत नाही, पण खोटं कशाला बोलू?

सुरुवात सगळे करतात तशी ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरून केली. २०२४ चा पावसाळा होता. वाघबीळ, कासारवडवली, ओवळा. शनिवार-रविवारी साइट व्हिजिट, गाडी ते पाठवणार, कॉफी ते देणार, मग टॉवरचं मॉडेल आणि शेवटी सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅटमध्ये एक गोष्ट जरूर बघा: आतल्या खोल्यांना दारं आहेत का. बऱ्याच ठिकाणी नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. पलंग आखूड असतो, कपाट भिंतीत अर्धं गेलेलं असतं. मी पुढे पुढे पर्समध्ये मोजपट्टी ठेवायला लागले. आमच्या घरच्या लोखंडी कपाटाचं माप तोंडपाठ झालं होतं. ते दोन्ही बाजूंनी मोकळं राहून बसत नसेल तर त्या बेडरूमला बेडरूम म्हणायचं नाही, असा माझा नियम.

एका ठिकाणी विक्रीवाल्या मुलाने खिडकीतून खांब दाखवले. "मॅडम, मेट्रो आली की इथला रेट कुठे जातो बघा."

मी म्हटलं, "ती येईपर्यंत भाडं किती येईल?"

त्याने सीनियरकडे पाहिलं. सीनियर हसून म्हणाले, "रेंटचं टेन्शन कशाला घेता मॅडम, ॲप्रिसिएशन बघा."

वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. तेव्हापासून त्या रस्त्यावरचा प्रत्येक फ्लॅट मेट्रोच्या नावाने विकला जातोय. म्हणजे मेट्रोची वाढ आज घेणाऱ्याच्या किमतीत आधीच घातलेली आहे. ती परत एकदा मिळेल हे गृहीत धरणं मला पटेना. त्यात बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मिळालेल्या घरावर तो लागत नाही. पझेशन मिळेपर्यंत भाडं शून्य आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. राहायला जाणाऱ्याला हे सगळं परवडतं, कारण तो मुलांच्या शाळेसाठी, बागेसाठी, मोकळ्या हवेसाठी पैसे मोजतो. मला त्यातलं काहीच वापरायचं नव्हतं.

बांधकाम चालू असलेलं घर घ्यायचंच असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की मंजूर नकाशे, पझेशनची कबूल केलेली तारीख, किती वेळा मुदतवाढ घेतली, कोणते दावे चालू आहेत, सगळं दिसतं. ते फुकट आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे. नंबर मिळायच्या आधी 'प्री-लाँच' म्हणून ईओआयचा, म्हणजे घर घेण्यात रस असल्याचा चेक मागत असतील तर उठून यायचं. रेरा कायद्यात नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करायला मनाई आहे. आणि करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. विक्रीच्या टेबलावर हे बोलून दाखवलं की समोरच्याचा सूरच बदलतो, हा माझा अनुभव.

पण नुसत्या रेरा नंबरवरही विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आपल्या इथलंच. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले गेले, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले. मी नेमकी त्याच सुमारास घर शोधत होते. तेव्हापासून परवानगीची प्रत बिल्डर किंवा एजंटकडून घ्यायची आणि ती खरी आहे का हे महापालिकेत विचारायचं, असं ठरवून टाकलं.

घोडबंदर सोडलं ते एका साध्या प्रश्नामुळे. राहायला घर घेताना आपण बघतो, इथे आपल्याला करमेल का. भाड्याने द्यायचं असेल तर बघायचं, महिन्याला पंधरा-सोळा हजार देणारा माणूस इथे कशासाठी येईल. तो पोहण्याच्या तलावाचे पैसे देत नाही. तो पाण्याचे देतो, स्टेशनपर्यंत चालत जाता येण्याचे देतो, रात्री अकराला रिक्षाशिवाय घरी पोहोचता येण्याचे देतो. घोडबंदरच्या टॉवरमध्ये भाडं पाच-सहा हजार जास्त होतं खरं, पण घराची किंमत दीडपट आणि मेंटेनन्स दुप्पट. गुणोत्तर काढलं की हातात कमीच राहत होतं.

म्हणून कळवा. ठाणेकरांना हे सांगितलं की भुवया वर जातात, माझ्या जावेने तर "कळवा? गुंतवणूक?" असं दोनदा विचारलं. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, सकाळी गाडीत शिरायचं म्हणजे दिव्य, आणि अनधिकृत इमारतींसाठी तो भाग बदनाम आहे, हे सगळं खरं. पण महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, म्हणजे नर्सेस, टेक्निशियन, शिकाऊ डॉक्टर. विटाव्यावरून ऐरोलीची आयटी पार्क्स जवळ. जानेवारी २०२४ पासून ट्रान्स हार्बरवर दिघा गाव स्टेशनही सुरू झालंय. ठाणं एका स्टेशनवर आणि भाडं ठाण्यापेक्षा कमी. भाडेकरू तिथे सदा असतोच.

खारेगावातले एक एजंट काका भेटले. एरवी मी एजंटांवर फार विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, पण या काकांनी पहिल्याच दिवशी मला तीन इमारती बाहेरूनच दाखवून सांगितलं, "ताई, या स्वस्त मिळतील, पण बँक लोन देणार नाही. ओसी नाही. जिथे बँक नाही तिथे तुम्ही पण नाही." हा नियम मी आजही सगळ्यांना सांगते. पैसे रोख असले तरी कर्जाचा अर्ज करून बघावा. बँकेचा वकील मागचे व्यवहार तपासतो, बँकेचा व्हॅल्युअर मोजमाप करतो, आणि त्यांचे तीस लाख अडकणार असल्यामुळे ते आपल्यापेक्षा जास्त संशयी असतात.

मुद्दाम पावसाळ्यात बघायला सुरुवात केली त्याचा इथे उपयोग झाला. ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला की ती खरं बोलते. दिवाळीत रंग मारलेल्या घरात काहीच कळत नाही. शेवटचा मजला नको, तळमजला नको, आणि वरच्या घराच्या बाथरूमखाली आपली कोणती खोली येते ते बघायचं.

जे घर ठरलं ते २००३ च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्टेशनपासून बारा-तेरा मिनिटं चालत. कार्पेट ३९० चौरस फूट. ओसी होती. सोसायटीच्या चिटणीसांकडे मी मागच्या वार्षिक सभेचा अहवाल मागितला, तर ते चक्रावले. म्हणे आजवर कोणा खरेदीदाराने मागितला नव्हता. त्या अहवालात सगळं असतं. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत, किती आहेत, थकबाकीदार किती, टाकीच्या दुरुस्तीवरून कोण भांडलं, स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालं का. या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने न करता सरकारी आदेशाने होतं ते, झालेलं होतं. उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर जमीन कोणाची, या प्रश्नावर वर्षानुवर्षं अडकलेल्या सोसायट्या ठाण्यात कितीतरी आहेत, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटलं.

आता या व्यवहारातली खरी गाठ. विकणारे गृहस्थ पन्नाशीचे, घर त्यांच्या वडिलांनी घेतलेलं. आईवडील दोघेही गेलेले. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर या गृहस्थांचं नाव, लाइट बिल त्यांच्या नावाचं, मालमत्ता कराचं बिल त्यांच्या नावाचं. बघणाऱ्याला वाटावं, सगळं स्वच्छ. मी नौपाड्यातल्या वकीलबाईंकडे फाइल नेली. त्यांनी शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू बघितली आणि विचारलं, "यांच्या नावावर कशाच्या आधारे झालं? मृत्युपत्र आहे?"

मृत्युपत्र नव्हतं. नॉमिनेशन होतं.

"मग बहीण-भाऊ किती?"

एक बहीण, नाशिकला. गृहस्थांना हा प्रश्नच आवडला नाही. "अहो ताई, नॉमिनी मी आहे. सोसायटीने सर्टिफिकेट मला दिलं. बहिणीचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, तिचा काय संबंध?"

वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करायचा, कोणाकडून मेंटेनन्स घ्यायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. मालकी वारसाहक्काने जाते, आणि हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच, मुलीचं लग्न कधी झालं याचा त्याच्याशी संबंध नाही. यातून दोन वाटा. एक तर बहिणीने रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर करारनाम्यात भावाबरोबर तिनेही 'लिहून देणार' म्हणून सही करायची. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेली संमती चालणार नाही, हे बाईंनी गृहस्थांना दोनदा बजावलं, कारण तसा कागद ते घेऊनच आले होते.

पुढे काही आठवडे काहीच हललं नाही. एजंट काका म्हणायला लागले, "ताई, बहीण काही कोर्टात जात नाही हो. शंभर घरं अशीच विकली गेलीत." असतीलही. पण अशी शंभर घरं आज कोणत्या अवस्थेत आहेत ते काकांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी टोकन म्हणून ५१ हजारांचा चेक दिला होता. त्याच्या पावतीवर 'मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास रक्कम परत' हे वाक्य वकीलबाईंनी घालून घेतलं होतं, त्यामुळे मला झोप लागत होती.

शेवटी मीच गृहस्थांकडून नंबर घेऊन नाशिकला फोन केला. बाई अगदी मोकळ्या बोलल्या. "दादाला सही द्यायला माझी ना नाही हो. पण मला कोणी विचारलंच नाही. बाबा आजारी होते तेव्हा दर पंधरवड्याला मी येत होते." मला माझ्या भावाने न मागता पाठवलेले पैसे आठवले. त्या पैशांतून मी दुसऱ्या कोणा मुलीचा हिस्सा बुडवून घर घ्यायचं, हे काही गळ्याखाली उतरलं नसतं, कायदा काहीही म्हणो. बहीण-भावाचं आपसात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण दोघांनी मिळून विकायचं आणि चेक दोन निघायचे असं ठरलं. वकीलबाईंनी वर्तमानपत्रात चौदा दिवसांची जाहीर नोटीस दिली, मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र फाइलला लावलं, वडिलांच्या २००३ च्या मूळ करारनाम्याची 'सूची दोन', म्हणजे नोंदणीचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून काढून ताडून पाहिली. पुनर्विक्रीच्या घरात ही साखळी तुटता कामा नये: बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा, प्रत्येक कागद मूळ आणि नोंदवलेला. पहिलाच करारनामा हरवलेला असेल तर किमतीत लाखभर सूट मिळतेय म्हणून खूश होऊ नका.

भाव ठरला ५२ लाख. त्यातले सात रोख द्या, असा प्रस्ताव ओघानेच आला. मग म्हणे मुद्रांक पण वाचेल तुमचा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय माझ्या बाजूने बघा: करारात ४५ दिसले तर बँक ४५ वर कर्ज मोजणार, आणि उद्या मी विकेन तेव्हा माझी खरेदी ४५ ची धरून नफ्यावर कर लागणार. दोन वर्षांनंतर विकलं तर तो साडेबारा टक्के. म्हणजे आज त्यांचा कर वाचवायचा आणि तो उद्या मी भरायचा. नाही म्हटलं. विषय तिथेच मिटला.

कर्ज घेतलं तीस लाखांचं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्क्यांपर्यंत देऊ शकतात, पण मुद्रांक आणि नोंदणी त्यात धरत नाहीत, ते खिशातून. नवख्यांची गाडी इथेच अडते. माझे वरखर्च असे झाले: ठाण्यात मुद्रांक शुल्क एरवी सात टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणून सहा टक्क्यांनी ३ लाख १२ हजार. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर ५२ हजार जास्त गेले असते. नोंदणी फी ३० हजार, ती कितीही मोठं घर असलं तरी तेवढीच. एजंट काकांचा एक टक्का. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार; महापालिका हद्दीत त्याहून जास्त घेता येत नाही, 'विकास निधी' असं नाव देऊनसुद्धा नाही. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग मिळून वीस हजार. नंतर प्लंबिंग, रंग आणि स्वयंपाकघराचा ओटा यांवर १ लाख ६० हजार. झाले ५८ लाख.

मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात काय गर्दी असते ते सांगायची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेले, दर वाढणार ही चर्चा होती (आणि ते वाढलेही), त्यामुळे अख्खं ठाणं त्या आठवड्यात सह्या करायला निघालं होतं. चलन ऑनलाइन भरलेलं, माहिती आधी भरलेली, तरी टोकन लागायला दुपार झाली. फोटो, अंगठे, दोन साक्षीदार. नाशिकच्या बाई पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. बहीण-भाऊ एकाच बाकावर बसले होते, फारसं बोलत नव्हते, पण डबा त्यांनी एकत्र खाल्ला.

टीडीएस बऱ्याच जणांना माहीतच नसतो. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदाराने एक टक्का कापून सरकारला भरायचा, माझ्या वेळी फॉर्म २६क्यूबीने, कापल्याचा महिना संपल्यापासून तीस दिवसांत. विकणारे दोन असल्यामुळे प्रत्येकी २६ लाख. मग पन्नासच्या आत आलं की नाही, असं गृहस्थांचं म्हणणं. पण ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांची मिळून एकूण किंमत धरतात. दोघांच्या पॅनवर दोन फॉर्म, प्रत्येकी २६ हजार. विकणारा परदेशी राहत असेल तर हे गणित पूर्ण वेगळं आणि जड, तिथे सीए गाठल्याशिवाय टोकनही देऊ नका.

ताबा मिळाल्यावरची कामं किरकोळ पण चिवट. सोसायटीत नाव, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात मालमत्ता कराच्या बिलावर नाव, वीजबिलावर नाव (कळव्यात वीजवितरण २०२० पासून टोरंटकडे आहे, त्यामुळे महावितरणच्या खिडकीवर उभं राहून उपयोग नाही), बँकेकडे मूळ कागद ठेवल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन. हे सगळं पहिल्या महिन्यातच उरकावं.

भाडेकरू एप्रिलअखेर मिळाले. रुग्णालयात नर्स असलेली मुलगी आणि ऐरोलीला कामाला जाणारा तिचा नवरा. चिटणीसांनी "फॅमिली आहे ना?" एवढंच विचारलं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. खर्चही फार नाही: एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक, त्यात अनामत रकमेवर थोडा, आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात दिली. सोसायटी भाडेकरू असलेल्या घराला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसतात. आमच्याकडे पहिल्या बिलात भलताच आकडा आला होता; नियम दाखवल्यावर दुसऱ्या बिलात दीडशे झाला.

आता सुरुवातीच्या आकड्याची फोड. भाडं वर्षाला १ लाख ८६ हजार. मेंटेनन्स महिन्याला २,१०० म्हणजे २५,२००. नॉन-ऑक्युपन्सी १,८००. मालमत्ता कर साडेचार हजार. दुरुस्तीला दहा हजार बाजूला. आणि एक महिना घर रिकामं राहील असं धरून १५,५००. हा शेवटचा आकडा कोणताही एजंट धरत नाही. राहिले १ लाख २९ हजार, महिन्याला पावणेअकरा हजार. हप्ता आहे सव्वीस हजार. म्हणजे दरमहा पंधरा हजारांवर माझ्या पगारातून जातात. 'भाड्यातून ईएमआय सुटतो' असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा की कुठल्या गावात.

आणखी एक हिशेब मी घर घ्यायच्या आधीच करून ठेवला होता. तीस लाखांवर साडेआठ टक्के व्याज, आणि माझ्या अठ्ठावीस लाखांवर एफडीत मिळाले असते ते साडेसहा टक्के. दोन्ही मिळून वर्षाला चार लाख सदतीस हजार ही या घराची खरी किंमत. त्यातून भाड्याचे १ लाख २९ हजार गेले तर तीन लाख आठ हजार उरतात. म्हणजे ५२ लाखांचं घर दरवर्षी जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढलं, तर मी एफडीवाल्याच्या बरोबरीला येते. वाढलं नाही तर मागे. हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला, कारण स्टेशनजवळचं, ओसी असलेलं, जमीन सोसायटीच्या नावावर असलेलं घर ठाण्यात पंधरा-वीस वर्षांत तेवढं वाढेल असं मला वाटतं. एफडी मी मोडून खाल्ली असती हे दुसरं कारण. माझा स्वभाव मला माहीत आहे.

कराची सवलत मात्र यात धरू नका. मी नव्या करप्रणालीत आहे. भाड्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट आणि व्याज वजा करता येतं, त्यामुळे भाड्यावर कर शून्य होतो. पण वर उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. विक्रीवाले अजूनही जुन्या दोन लाखांच्या सवलतीची गोष्ट सांगतात, तेव्हा कोणत्या प्रणालीत ते विचारायचं.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये एप्रिल आणि जूनमध्ये रेपो दर कमी केला, तेव्हा माझ्या बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी केली. ते मला हवंच होतं. दिवाळीचा बोनसही मुद्दलात टाकला. जाऊबाई आता विचारतात, दुसरं कधी घेणार. निदान हे कर्ज निम्म्यावर येईपर्यंत तरी नाही. दोन घरं एकाच महिन्यात रिकामी पडली तर काय होईल याचा हिशेब मी करून पाहिलाय.

या मार्चमध्ये करार संपला. एजंट काकांचा फोन आला, "ताई, साडेसोळा सहज मिळतील, दुसरी पार्टी तयार आहे." दुसरी पार्टी म्हणजे रंगाचा खर्च, काकांचं एक महिन्याचं भाडं, आणि मधे महिनाभर घर बंद. नुसत्या त्या बंद महिन्याचे साडेपंधरा हजार हजाराच्या वाढीतून भरून यायला सव्वा वर्षाहून जास्त लागतं, आणि करार अकरा महिन्यांचा. नर्सबाईंना फोन करून पाचशे वाढवले. त्या म्हणाल्या, वाढ मान्य आहे, पण बेसिनखालचा पाइप बदलून द्या. पाइपला साडेआठशे गेले.